पाणी आलं आणि जोंधळा गेला

मे महिना सरत आला की कळंबा तलावाच्या पात्रात चालत उतरता येतं. बांधावरून खाली आलं की आधी वाळकं गवत, मग भेगाळलेली जमीन, मग वरून सुकलेला पण पाय पडताच आतून दबणारा गाळ, आणि त्याच्याही पलीकडे मधोमध आक्रसून बसलेलं पाणी. ऊन अजून चढलं नव्हतं, तरी जेसीबीचं काम सुरू झालं होतं. ट्रॅक्टर रांगेनं उभे होते. काळाभोर, ओलसर, शेवाळाचा वास असलेला गाळ ट्रॉलीत पडत होता आणि भरलेली ट्रॉली कात्यायनीकडच्या रानांच्या दिशेनं निघत होती.

बाहेरगावच्या माणसाला कळंबा ठाऊक असतो तो जेलमुळे. कोल्हापुरातलं संभाजीनगर ओलांडलं की तुरुंगाची उंच भिंत लागते, पुढे आयटीआय, मग नव्या अपार्टमेंटांची दाटी, आणि गारगोटीचा रस्ता तलावाजवळ येतो. मला मात्र कळंबा पाहायचा होता तो पाण्यासाठी. कात्यायनीच्या डोंगरातून उतरणारे ओढे अडवून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानानं हा तलाव बांधला. तलाव उंचावर आणि शहर सखल, म्हणून पंपाशिवाय, नुसत्या उतारानं पाणी कोल्हापुरात पोचायचं. मंगळवार पेठेतल्या ‘पाण्याच्या खजिन्या’त ते साठायचं आणि तिथून पेठांना मिळायचं. आता शहराची तहान या तलावाच्या आवाक्याबाहेर गेली आहे. २०२३च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं पुईखडीला आलं. तरी पावसाळ्यात कळंब्याच्या सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की कोल्हापूरकर अजूनही ते बघायला येतात.

ट्रॉली भरायची वाट बघत एक साठीच्या घरातले शेतकरी बसले होते. त्यांनीच हाक मारली.

“काय पावणं, तलाव बघायला आलायसा व्हय? आता काय बघणार, पाणीच न्हाई.”

“गाळ न्यायचं चाललंय वाटतं, तात्या?”

“व्हय. मिरगाच्या आत न्हेला पायजे. एकदा पाऊस लागला की ट्रॅक्टर रुततोय. पांढरट माळ हाय माझा, त्येच्यावर पसरणार.”

“मग काय लावणार त्यात?”

“ऊसच की. दुसरं काय लावतोय?”

जोंधळ्याचं विचारलं तेव्हा ते थोडं थांबले. त्यांच्या वडिलांच्या काळी त्याच माळावर शाळू असायचा, भुईमूग असायचा, सोप्यात तट्ट्याची कणगी असायची आणि ती भरल्याशिवाय बाजारात एक पोतं जायचं नाही. “पाणी आलं आणि जोंधळा गेला बघा,” ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. उसानं त्यांचं घर बांधलं, मुलांची शिक्षणं केली. कारखान्याचं बिल बँकेत जमा होतं आणि जोंधळ्याला मात्र खरेदीची हमी कुणी देत नाही, हा हिशेब त्यांनी मला बोटांवर मांडून दाखवला आणि मला तो खोडता आला नाही.

पण त्यांचं ते वाक्य पुढच्या सगळ्या वाटेवर माझ्याबरोबर राहिलं, कारण कोल्हापूरचं पाणी मुळात धान्यासाठीच आलं होतं.

शाहू महाराज १८९४च्या एप्रिलमध्ये गादीवर आले तेव्हा त्यांची विशीही पुरी झाली नव्हती. दोनच वर्षांत, १८९६ साली, पावसानं दगा दिला. तोवर दुष्काळ म्हटला की सरकार काय करतं याचा एक भयंकर धडा मुंबई इलाख्यानं गिरवला होता. १८७६-७७च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानं दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवली गेली. ती पौंडभर, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढीच राहिली. खडी फोडणाऱ्या माणसानं त्यावर जगायचं. हजारो मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची हकीकत गोळा करून सरकारला सुनावली. वीस वर्षांनी कोल्हापुरात वेगळं घडलं. महाराज स्वतः गावं फिरले. संस्थानाबाहेरून धान्य आणवलं, तोटा सोसून स्वस्त धान्याची दुकानं उघडली, तगाई दिली, रस्त्यांची आणि तलावांची कामं काढली, जनावरांच्या वैरणीची सोय केली. कामावर येणाऱ्या बायांची तान्ही मुलं सांभाळायला कामाजवळच व्यवस्था केली. म्हाताऱ्या, अपंग, काम न झेपणाऱ्या माणसांसाठी निवारे काढले. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली होती, म्हणून बाहेरचं धान्य लवकर पोचू शकलं. पण तीच रेल्वे धान्य बाहेरही नेऊ शकते. गाडी कोणत्या दिशेनं भरून धावते हे राज्य करणारा ठरवतो, आणि इथं ते ठरवलं गेलं.

लगेच प्लेग आला, १८९९-१९००ला पुन्हा अवर्षण आलं. १९०२ साली महाराजांनी पाटबंधाऱ्याचं धोरण जाहीर केलं, त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला, आणि गावोगावच्या विहिरी-तळ्यांची पाहणी सुरू झाली. भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायचा विचार त्यातूनच पुढे आला. भुकेल्या माणसांना एकदा धान्य वाटून ते थांबले नाहीत, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तलावावरून गावात आलो. स्वस्त धान्याच्या दुकानापुढे सात-आठ बायामाणसं होती. ई-पॉसच्या यंत्रावर अंगठा उमटत नव्हता म्हणून एक आज्जी पदरानं बोट पुसून पुन्हा पुन्हा लावत होत्या. रानातल्या कामानं बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. अखेर यंत्रानं त्यांना ओळखलं. गहू आणि तांदूळ पिशवीत पडला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला ३५ किलो, आणि २०२३पासून तेही मोफत. पिशवी घरापर्यंत नेऊ का, असं विचारलं तर आज्जी म्हणाल्या, “चल की बाबा.”

चालता चालता कळलं, त्यांचं माहेर जतकडचं.

“बहात्तर साली मी बारा-तेरा वर्सांची आसंन. पाझर तलावाचं काम निघालं हुतं. आई-बा खणायची, मी पाट्या टाकायचो. दुपारी सुकडी मिळायची. ती एवढी ग्वाड लागायची, सांगू नगंस.”

“आणि घरी खायला काय असायचं?”

“तांबडा मिलो. रेशनवर यायचा. भाकरी थापली की कडंनं चिरायची. म्हशीला घातला तर म्हस बी वास घिऊन बाजूला व्हायची. पर त्येनंच जगलो. गावात कोण उपाशी मेलं न्हाई.”

अमेरिकेहून आलेल्या त्या तांबड्या ज्वारीबद्दल महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या मनात अजून चीड आहे, आणि ती योग्यच आहे. पण आज्जींचं शेवटचं वाक्य मी तिथेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून लिहून घेतलं. लागोपाठ पावसानं पाठ फिरवलेली ती वर्षं. १९७३च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्याच सुमारास इथिओपियाच्या वोलो प्रांतात हजारो माणसं भुकेनं मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं की, वोलोत पीक बुडालं तरी देशभरात अन्नाचा फार मोठा तुटवडा नव्हता. वोलोतल्या माणसांच्या हातात पैसा उरला नव्हता, म्हणून तिथं धान्याला गिऱ्हाईकच नव्हतं, आणि थोडंफार धान्य तर वोलोतून बाहेर विकायला गेलं. जतच्या माळावरही पीक नव्हतं. पण तिथं आठवड्याची मजुरी होती आणि मजुरी घेऊन जायला रेशनचं दुकान होतं. ही व्यवस्था आकाशातून पडली नव्हती. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापुरापासून कामाच्या हमीची कल्पना लावून धरली होती, १९७७ला तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला, आणि २००५ला देशानं ती उचलली. पाटी उचलणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तिला सुकडी मिळाली.

आज्जींनी बसवून चहा पाजला. घरात कणगी नव्हती. पत्र्याचा एक डबा होता, तोही रेशनच्या तांदळाचा.

दुपारी गारगोटीकडे जाणारी एसटी धरली. कात्यायनी, इस्पुर्ली, बिद्री. खिडकीतून दोन्ही बाजूंना ऊस. कुठं गुडघ्याएवढा खोडवा, कुठं कमरेपर्यंतची लागण, मधे एखादं मोकळं रान, तेही आडसालीसाठी नांगरून ठेवलेलं. दूधगंगेच्या पुलावरून पाहिलं तर वरून आवर्तन सोडलेलं असावं, पात्रात पाणी होतं. नद्यांवर जागोजाग दगडी खांबांचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की खांबांमध्ये बरगे घालायचे आणि पूर यायच्या आत काढायचे. या रचनेला साऱ्या राज्यात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणूनच ओळखतात. भर मे महिन्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, हिरवा दिसणारा हा मुलूख बघून कुणालाही समाधान वाटेल. मलाही वाटलं. वर्षभर पाणी खेळवण्याची ही विद्या इथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या जपली आहे.

पण राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी चार-पाच टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाचं निम्म्याहून अधिक पाणी तो पितो. गळीत हंगामात याच रस्त्याच्या कडेला बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांची पालं असतात. मुकादमाची उचल घेऊन, ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायको, असे ते दिवाळीच्या सुमारास येतात. ज्यांच्या रानात पाणी नाही ते पाण्याच्या रानात तोडीला येतात, आणि इथल्या उसाची वैरण दुष्काळात माण-आटपाडीकडच्या छावण्यांना जाते. एप्रिल २०१६मध्ये तर मिरजेहून कृष्णेचं पाणीच रेल्वेच्या टाक्यांत भरून लातूरला न्यावं लागलं. माणसं इकडे, वैरण तिकडे, पाणी तिकडे. इतकी सगळी ने-आण चालू असताना धान्य कुठून कुठं जातं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं, आणि ते दिसलं एका खाणावळीत.

मुदाळ तिट्ट्यावर गाडी बदलून, सरवडेमार्गे राधानगरीला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. खाणावळीत भाकरी मागितली. पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली. पीठ कुठलं, असं सहज विचारलं. मावशी म्हणाल्या, “शाळू मंगळवेढ्याचा. कोल्हापूरला यार्डात येतोय, तितनं आणतोय. हितं कोण पिकवतंय आता?”

मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यातला, वर्षानुवर्षं दुष्काळी यादीत असलेला तालुका. तिथली काळी, भेग पडणारी जमीन परतीच्या पावसाचा ओलावा धरून ठेवते आणि त्याच ओलाव्यावर, पुढे एकही पाणी न मिळता, मालदांडी शाळू पिकतो. या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. राधानगरीत, राज्यातल्या जुन्या मोठ्या धरणांपैकी एकाच्या पायथ्याशी बसून मी मंगळवेढ्याची भाकरी खात होतो. धरणाखालचा मुलूख कोरडवाहू मुलखाचं धान्य खातो आहे.

मंगळवेढा म्हटलं की मराठी माणसाला दामाजीपंत आठवतात. बहामनी राज्यातला दुष्काळ, बादशहाचं भरलेलं कोठार आणि दारात मरणाला टेकलेली माणसं. परंपरा सांगते की पंतांनी हुकमाची वाट न बघता कोठार लुटवलं, आणि विठोबानं विठू महार होऊन दरबारात पैसे भरले. लहानपणी ही गोष्ट मी देवाची म्हणून ऐकली होती. आता मला तिच्यातलं कोठार जास्त दिसतं. धान्य होतं. कुलूप होतं. मधे एक माणूस उभा राहिला. सेन यांनी जे आकडेवारीनं सिद्ध केलं, ते आपल्या कीर्तनकारांनी कितीतरी आधीपासून गावोगाव सांगितलं आहे.

धरणावर गेलो. पाणी बरंच खाली होतं, एरवी बुडालेला काठ उघडा पडला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम सुरू झालं, १९१८च्या सुमारास पैशाअभावी थांबलं. ६ मे १९२२ला महाराज गेले, तेव्हा धरण अर्धवटच होतं. ते पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. ८.३६ टीएमसीचं हे धरण भरलं की सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि ऑगस्टमध्ये ‘राधानगरीचा दरवाजा उघडला’ ही बातमी पंचगंगेच्या काठावर धडकी भरवते. पलीकडच्या गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढं अंतर. त्या पूर्वेकडच्या रानांना पाणी आणि तिथल्या माणसांना धान्य मिळावं, यासाठी भोगावतीच्या उगमाकडे दगडावर दगड चढवले गेले.

कोल्हापूर आता दुष्काळाच्या पलीकडे गेलं, असं आमच्याकडे बोलतात. २०२३चा ऑगस्ट हा देशातला १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरच्या अखेरीला राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात हातकणंगले आणि गडहिंग्लज होते. दोन्ही कोल्हापूरचे. पाऊस हुलकावण्या देत होता तेव्हाच, २० जुलैला, केंद्रानं बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा साधारण चाळीस टक्क्यांचा. आपल्या दाराला कडी लागली आणि बेनिन, मादागास्कर, केनियासारख्या आपल्याकडून तांदूळ घेणाऱ्या देशांना दुसरीकडे धावावं लागलं. आपलं घर आधी सांभाळावं यात वावगं काही नाही. पण विकत घेऊन खाणाऱ्याचं पोट दुसऱ्याच्या कडीवर अवलंबून असतं, हे बेनिनला कळलं तसं ते राधानगरीच्या खाणावळीलाही कळायला हवं. मंगळवेढ्यात दोन वर्षं परतीचा पाऊस चुकला तर इथली भाकरी कुठून येणार?

ऊस काढून टाका, असं मी म्हणणार नाही. तात्यांच्या बोटांवरचा हिशेब मी पाहिला आहे. पण मंगळवेढ्याच्या शाळूला पोटरीत असताना एक आणि दाणा भरताना एक असं संरक्षित पाणी मिळालं, तर त्याचं उत्पन्न कुठल्या कुठं जातं, हे कोणताही कृषी सहायक सांगेल. उसाचा एक एकर वर्षभरात जे पाणी पितो त्यात असे कितीतरी एकर निघतील. पाण्याची आवर्तनं ठरवणाऱ्या बैठकांत जोंधळ्याच्या नावानं बोलायला कुणी बसलेलं नसतं. त्याचा कारखाना नाही, त्याचा चेअरमन नाही. धान्याला पाण्यात वाटा आणि खरेदीची हमी, या दोन गोष्टी मागायला आता धान्य खाणाऱ्यांनीच उभं राहायला हवं.

परतताना सरवड्याच्या अलीकडे गाडी थोडा वेळ थांबली म्हणून खाली उतरलो. रोहिणीचा पेरा चालला होता. कोरड्या, भुसभुशीत मातीत कुरीनं भाताची धूळवाफ पेरणी. बैलजोडीमागे एक चाळिशीचा गडी, आणि मागून त्याची बायको उघडं पडलेलं बी मातीखाली ढकलत येत होती. पाऊस आठ दिवस लांबला तर बी किडी-पाखरं खातात, आणि भलताच लवकर आला तर पेरा राहून जातो. खालच्या पट्टीत त्यांचा ऊस होता.

“मग भात कशाला ठेवलाय, दादा?”

“घरात वरीसभराचं भात पडल्याबिगर आमची आई काय इकूच देत न्हाई. तिचा दंडकच हाय.” बैलांना उभं करून तो बांधावर आला. “आन् दुसरं म्हंजी, हितल्या इंद्रायणीला गिऱ्हाईक पुण्यामुंबईतनं दारात येतंय. बियाण्याला, खताला घालून चार पैसं ऱ्हात्यात. म्हणून भात टिकलाय. माझ्या चुलत्यानं वरच्या माळावर परवापतूर नाचणा केला, जोंधळा केला. कोण इचारायलाच आलं न्हाई, तेव्हा त्येनं बोअर मारली. ते गिऱ्हाईक तेवढं वरच्या माळावर धाडा, उद्या जोंधळा पेरतो.”